टॉवरच्या टप्प्यात

गेल्या हिवाळ्यात द्वितीय वर्षाच्या मुलांना घेऊन आम्ही दोघी सिंहगडावर गेलो होतो. वर्गात पोवाडा हा वाङ्मयप्रकार चालू होता. तानाजीच्या समाधीपाशी बसून तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातले काही भाग मोठ्याने वाचावेत, कल्याण दरवाजा दाखवावा, देवटाक्याचे पाणी प्यावे आणि पिठले-भाकरी खाऊन खाली उतरावे, एवढाच साधा बेत होता. तो पारही पडला. पण उतरायला लागताना एका मुलाने गडावरच्या उंच लोखंडी सांगाड्याकडे बोट दाखवून विचारले, "मॅडम, मोबाईलचा एवढा मोठा टॉवर कशाला बांधला असेल?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. तो मोबाईलचा नव्हे, दूरदर्शनचा टॉवर आहे, हे सांगितल्यावर मुलांनी मान डोलावली आणि ती पुढे निघाली. त्यांच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला होता. आमच्या दृष्टीने मात्र तो परतीच्या बसमध्ये सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. पुण्याच्या नैर्ऋत्येला क्षितिजावर डोंगरांची जी रांग दिसते, तिच्यातला सिंहगड कोणता हे आमच्या पिढीने तटबंदीवरून नव्हे, तर या टॉवरवरून ओळखले. 'मनोरा' हा शब्द आम्ही पुढे पुस्तकातून शिकलो. गावात त्याला कोणी मनोरा म्हणत नसे. टॉवर, नाहीतर नुसतेच 'टीव्हीचं खांब'.

वाचकांना वाटेल, ऐतिहासिक गडावर उभारलेल्या लोखंडाविषयी तक्रार करण्यासाठी हा लेख आहे. तसे नाही. आमचे म्हणणे उलट आहे. त्या टॉवरची जागा इतकी अचूक निवडलेली आहे, की ती निवड तीनशे वर्षे आधीच झाली होती असे म्हणावेसे वाटते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा सर झाल्यावर मावळ्यांनी काय केले, हे कृष्णाजी अनंत सभासदाने नोंदवून ठेवले आहे. त्यांनी गडावरच्या पागेला आग लावली, आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. गड आला हे आधी कळले, सिंह गेला हे नंतर. ('सिंहगड' हे नाव १६७० च्या आधीच्या कागदपत्रांतही आढळते, त्यामुळे त्या प्रसिद्ध वाक्याला इतिहासाचा आधार नाही, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. आणि दरवर्षी मुले ते विसरून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचेच नाव लक्षात ठेवतात. तेही योग्यच आहे.) मुद्दा उजेडाचा आहे. उजेड सरळ जातो. जिथून गड दिसतो तिथेच त्याची बातमी पोचते. राजगडाच्या माथ्यावर ती पोचली. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवणीच्या खोऱ्यात जी गावे आहेत, त्यांना त्या रात्री काहीही दिसले नसणार.

टीव्हीच्या लहरी जवळजवळ उजेडासारख्याच वागतात. त्यांची लांबी असते दीड ते सहा मीटर. त्या सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की थांबतात. म्हणून टॉवर उंच हवा. आणि सुमारे १३०० मीटर उंचीचा डोंगर आयता मिळत असेल, तर टॉवर फार उंच नसला तरी चालते. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, मुंबईचा कार्यक्रम पुण्याकडे पोचवणारे सहक्षेपण केंद्र आले. सहक्षेपण हा शब्द नीट पाहिला पाहिजे. या टॉवरला स्वतःचे असे काही सांगायचे नव्हते. मुंबईत बोललेले त्याने पकडायचे आणि पुढे फेकायचे. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर तो निवेदक नव्हता, निरोप्या होता. पण खाली गावात बसलेल्या माणसाला हा भेद कसा कळणार? तो आवाज गडावरूनच येत होता.

आता आमच्या दोन गावांविषयी सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, एकाच वर्षी एम. ए. झालो, आणि आमची गावे सिंहगडापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. एकीचे गाव पूर्वेच्या सपाटीला, हवेली तालुक्यात. तिथून टॉवर दिसतो. रात्री त्याच्या टोकाचा लाल दिवाही दिसायचा. दुसरीचे गाव गुंजवणीच्या खोऱ्यात, डोंगराच्या आड. तिथून टॉवर दिसत नाही. आमच्या दोघींच्या मराठीत जो फरक आहे, तो निम्मा या एका डोंगरसोंडेमुळे पडला असे आम्ही थट्टेने म्हणत आलो. अलीकडे ती थट्टा वाटेनाशी झाली आहे.

दिसणाऱ्या गावात १९८७ साली तीन टीव्ही होते. एक गुरुजींच्या घरी, एक दूध डेअरीच्या सचिवांकडे आणि एक मुंबईला गोदीत असलेल्या कुटुंबाकडे. कौलांवर बांबू बांधून त्यावर अँटेना. गावातल्या देवळांची तोंडे पूर्वेला होती, पण या तिन्ही अँटेनांची तोंडे सिंहगडाकडे. वारा सुटला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एक पोरगा कौलावर, एक दारात आणि एक टीव्हीपाशी, अशी साखळी लागायची. "दिसलं का?" "नाय!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी गुरुजींच्या ओटीवर शंभरेक माणसे बसू लागली. ते सर्वांना माहीत आहे, त्याविषयी पुष्कळ लिहूनही झाले आहे. आम्हांला सांगायचे आहे ते रामायणाचे नव्हे, तर संध्याकाळच्या मराठी बातम्यांचे.

आमच्यातली जी त्या ओटीवर पुढच्या रांगेत बसायची, तिला बातम्यांतले काही कळत नसे. तिला फक्त उच्चार ऐकायचे असत. प्रदीप भिडे 'पाणी' म्हणत तेव्हा त्यातला 'ण' टाळूला लागून खाली यायचा. गावात सगळे 'पानी' म्हणत. गुरुजी वर्गात 'पाणी' म्हणत आणि घरी आईशी बोलताना 'पानी'. बातम्यांतला माणूस मात्र घरी गेल्यावरही 'पाणी'च म्हणत असणार, अशी तिची खात्री होती. तिने ते उच्चार घरी घोकले. चौथीच्या वर्षी वक्तृत्वस्पर्धेत तिचा पहिला नंबर आला. आज ती ज्या भाषेत तासिका घेते, ती भाषा तिला शाळेने दिली त्याहून अधिक या टॉवरने दिली, हे ती मोकळेपणाने मान्य करते. आणि त्याबद्दलची तिची कृतज्ञता खरी आहे.

पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. तिची आजी जात्यावर बसायची. गावात पिठाची गिरणी आलेली होती, तरी सणावाराचे, लग्नाकार्याचे दळण जात्यावरच व्हायचे आणि त्याबरोबर ओव्या. एकदा पाव्हणे आलेले असताना नातीने आजीला मध्येच थांबवून म्हटले, "आजी, पानी नाही. पाणी." सगळे हसले. आजीही हसली. तिने तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला, जमला नाही, पुन्हा हसली. नंतर आजी ओव्या म्हणायची, पण ही नात आसपास असली की थांबायची. हे कोणाच्या लक्षात आले नाही, नातीच्याही नाही. नववीत शाळेने लोकगीते गोळा करायला सांगितली तेव्हा ही वही घेऊन आजीपुढे बसली. आजी म्हणाली, "तू लिव्हशील त्ये सुद्द करून लिव्हशील. मंग माजं काय ऱ्हाईल त्यात?"

तिने शेवटी शेजारच्या काकूंकडून ओव्या घेतल्या. आजी १९९६ साली गेली.

दुसऱ्या गावाची गोष्ट वेगळी आहे. तिथे टीव्ही घ्यायची ऐपत असलेली दोन घरे होती. त्यांनी घेऊन पाहिला, अँटेना नारळाच्या झाडावर नेऊन बांधली, पण मुंग्यांपलीकडे काही आले नाही. राजगडावर मुक्कामी गेलेल्या पोरांनी सांगितले, की वर बॅटरीवरचा छोटा टीव्ही नेला तर झकास दिसतो. त्यांनी खरेच नेला होता की थाप मारली, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. ते सहज पटण्यासारखे होते. गड गडाला दिसतो, गावाला नाही.

रेडिओ मात्र यायचा. आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. ही लहर सुमारे ३७९ मीटर लांबीची असते. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, टेकाडावरून घसरत पलीकडच्या दरीत उतरते. खोऱ्यातल्या माणसाला डोंगर चढायची गरज नसते, आवाजच उतरून येतो. त्यामुळे आमच्यातली एक डोळ्यांनी मराठी शिकली आणि दुसरी कानांनी, असे म्हणता येईल. पण फरक तेवढाच नाही. या दुसरीचे वडील रेडिओला उत्तर द्यायचे. संध्याकाळचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला की ते ओट्यावर बसून त्याच्याशी भांडायचे. "आमच्याकडं न्हाय तसं होत. आमच्याकडं भाताला पानी डोंगराचं येतंय. तुमी कालव्याचं सांगू नका." बायको म्हणायची, "त्याला ऐकू जातंय का तुमचं?" त्यावर ते ठरलेले वाक्य म्हणायचे: "पूर्वी जात हुतं."

आम्ही दोघींनी हे वाक्य वर्षानुवर्षे म्हाताऱ्याची लहर म्हणून ऐकले. फार आग्रह केला तर ते एक हकीकत सांगत. ते दहाएक वर्षांचे असताना शेजारच्या मोठ्या गावच्या चावडीत सरकारी रेडिओ आला होता. आठवड्यातून दोनदा ते आपल्या वडिलांबरोबर तिथे चालत जात. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचे आणि माणसे बोलायला लागायची. बोललेले एक मास्तर लिहून घेई. ते पत्र पुण्याला जाई. आणि पुढच्या कधीतरी रेडिओवरून त्याचे उत्तर येई, गावाचे नाव घेऊन. "रेडिओनं आमच्या बाजूच्या गावाचं नाव घेतलं हुतं," हे ते असे सांगायचे, जणू पंढरपुरात विठोबाने हाक मारली.

ती थाप नव्हती. हे आम्हांला कळले ग्रंथालयात, आणि तेही दुसरेच काही शोधताना. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने, आकाशवाणी पुणे केंद्रावरून एक प्रयोग झाला होता. त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतली दीडशे गावे त्यासाठी निवडली होती: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. प्रत्येक गावात पंधरा-वीस माणसांचे श्रोतृमंडळ. अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम, आठवड्यातून दोन. ऐकायचे, चर्चा करायची, आणि त्यातून काही करायचे. मंडळांचे प्रश्न केंद्राकडे यायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे दिली जायची. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले, पॉल न्यूरथ यांच्या मार्गदर्शनाखाली. त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये पुस्तकरूपाने छापला. पुस्तकावर दोन नावे आहेत. एक न्यूरथ यांचे आणि दुसरे आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचे. हिंदीच्या प्राध्यापकांना हे माथुर 'कोणार्क' या नाटकाचे लेखक म्हणून माहीत असतात, आम्ही मात्र त्यांना या पुस्तकातून ओळखू लागलो. न्यूरथ हे व्हिएन्नाचे तत्त्वज्ञ ओटो न्यूरथ यांचे चिरंजीव. डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या दोन्ही छळछावण्यांतून ते जिवंत बाहेर पडले होते. जिथे माणसाला बोलायचीच बंदी होती तिथून सुटून आलेला माणूस, नाशिक-साताऱ्याकडच्या चावड्यांमध्ये माणसे किती बोलतात हे मोजत होता. या योगायोगावर आम्ही अधिक काही म्हणत नाही, पण तो आमच्या मनातून जात नाही.

या अभ्यासातला निष्कर्ष थोडक्यात असा. ज्या गावांत मंडळ होते तिथल्या लोकांच्या माहितीत लक्षणीय वाढ झाली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तिथे फारसा फरक पडला नाही. म्हणजे ऐकण्याने नव्हे, ऐकून बोलण्याने काही घडत होते.

आता याच तारखांकडे मराठीच्या अभ्यासकाने पाहावे. १ एप्रिल १९५५ ला याच पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि १९ एप्रिल १९५६ ला संपले. म्हणजे गदिमा आणि सुधीर फडके छप्पन्न गीतांचा शेवट करीत होते, त्याच आठवड्यांत त्याच केंद्रावरून दीडशे गावांशी हे बोलणे चालू होते. गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून याच केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात होते, आणि 'बनगरवाडी'ही त्याच वर्षीची. एका इमारतीत मराठीचे एवढे काही एकाच वेळी घडत होते. त्यातले 'गीतरामायण' आम्हांला पाठ आहे, 'बनगरवाडी' आम्ही शिकवतो. दीडशे गावांनी पुण्याला काय लिहिले, त्यातली एक ओळही आमच्या वाङ्मयेतिहासात नाही. पत्रे लिहिणाऱ्या मास्तरांनी ती कोणत्या मराठीत लिहिली असतील? 'पानी' की 'पाणी'? बहुधा 'पाणी'. मास्तर मास्तरच असतात. तरीही वाक्ये तरी शेतकऱ्यांची असतील, असे मानायला आम्हांला आवडते.

हा प्रयोग १९५९ च्या अखेरीस देशभर न्यायचे ठरले. पण संख्या वाढते तेव्हा प्रत्येक गावाचे नाव घेणे जमत नाही, आणि ते पुढे विरत गेले. मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' होते, चांगले होते, खोऱ्याच्या पलीकडचे लोक ते आवडीने बघत. पण पत्राचे उत्तर घेऊन रेडिओने गावाचे नाव उच्चारावे, तसे काही आता होत नव्हते. टॉवर निरोप एकाच दिशेने नेत होता. तो तसाच बांधलेला होता, यात त्याचा दोष नाही.

दुसऱ्या तऱ्हेनेही टॉवर बांधता येतो, हे त्याच दशकात गुजरातेत दिसले होते. खेडा जिल्ह्यातल्या पिज या गावी १९७५ मध्ये अवघ्या एक किलोवॉट शक्तीचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. विक्रम साराभाईंनी खेड्यासाठी टीव्हीचे जे स्वप्न पाहिले होते, त्याचा तो भाग होता. ते पाहायला साराभाई मात्र राहिले नव्हते, १९७१ च्या डिसेंबरातच ते गेले. त्याच वर्षी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्ही पोचवणारा 'साइट' प्रयोग झाला, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. त्यात महाराष्ट्र नव्हता. पिजचे वैशिष्ट्य असे, की हा टॉवर शहरासाठी नव्हता, शहराचा कार्यक्रम खेड्यावर सांडण्यासाठीही नव्हता. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रातली मंडळी खेडा जिल्ह्यातल्या गावांत जात, तिथल्या अडचणींवर, तिथल्या बोलीत, तिथल्या माणसांना घेऊन कार्यक्रम करीत. १९८४ मध्ये ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला. त्याच वर्षी देशभर छोट्या प्रक्षेपण केंद्रांची लाट आली होती, रोज एक टॉवर अशी त्याची जाहिरात होई. लाट आली ती पिजच्या धर्तीची नव्हती, सिंहगडाच्या धर्तीची होती. दिल्लीहून येणारे पकडायचे आणि फेकायचे. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होताच. मुंबईहून येणाऱ्या मराठीलाही मग रात्री आपली जागा सोडावी लागे. आमच्यातल्या ओटीवरच्या मुलीला तेव्हा हिंदी यायला लागले, तो भाग वेगळा.

पुढचे लवकर संपते. नव्वदीत केबल आली, मग घराघरावर छोट्या तबकड्या आल्या. तबकड्यांची तोंडे सिंहगडाकडे नाहीत, आकाशात कुठेतरी आहेत. खोऱ्यातल्या गावालाही आता सगळे दिसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले, की सामरिकदृष्ट्या महत्त्वाची सुमारे पन्नास ठिकाणे वगळता जुन्या ॲनालॉग पद्धतीची उरलेली टीव्ही प्रक्षेपण केंद्रे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद केली जातील. त्या दिवशी कोणत्याही गावात कोणी कौलावर चढून "दिसलं का?" असे विचारले नाही. बंद झाल्याची बातमी आम्ही स्वतः मोबाईलवर वाचली.

हे सगळे त्या मुलाच्या प्रश्नामुळे आठवले, असे आम्ही सुरुवातीला म्हटले ते अर्धेच खरे आहे. खरे कारण दुसरे आहे, आणि ते आमच्या दोघींमधले आहे. सहलीच्या आठवडाभर आधी एका विद्यार्थ्याने ललितलेखनाच्या तासाला आपल्या आजोबांविषयी चार पाने लिहून दिली. मुलगा त्याच गुंजवणीच्या खोऱ्यातला. लेखात 'विस्तव' नव्हता, 'इस्तू' होता. 'कुठे' नव्हते, 'कुटं' होते. संवादात नव्हे, निवेदनात. आमच्यातल्या एकीने ती पाने तपासली आणि लाल शाईने भरून टाकली. दुसरीने ती पाहिली आणि विचारले, "हे तू काय केलंस?" पहिली म्हणाली, "त्याला उद्या नोकरीच्या मुलाखतीत कोण 'इस्तू' ऐकून घेणार आहे? मला कोणी ऐकून घेतलं असतं का?" दुसरी म्हणाली, "आणि माडगूळकरांचं आपण काय शिकवतो मग?" त्यावर, ते संवादात आहे, निवेदन प्रमाण आहे, वगैरे नेहमीचा वाद झाला. वाद मोठ्या आवाजात झाला. स्टाफरूममधल्या इंग्रजीच्या सहकाऱ्यांनी उठून दार लावून घेतले.

यात आमच्यापैकी कोण कोणत्या गावची, हे सुज्ञ वाचकाने ओळखले असेलच. निदान ओळखले असे त्याला वाटत असेल. लाल शाई वापरणारी खोऱ्यातली आहे. जिच्या वडिलांनी जन्मभर रेडिओशी भांडण केले, ती. तिला शहरात आल्यावर पहिल्या वर्षी जे सोसावे लागले ते तिने आपल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येऊ द्यायचे नाही असे ठरवलेले आहे, आणि त्या निश्चयापुढे वडिलांचे भांडणही लटके पडते. आणि "हे काय केलंस" असे विचारणारी ती, जिने आजीला थांबवले होते.

गडावरून परतल्यावर आम्ही समेट म्हणून एक काम हाती घेतले. ऐंशीच्या दशकापासून गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, शेकडो गावे. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. आम्ही दोघींनी आपापल्या गावाजवळची गावे शोधली. एका दुपारी, तास संपल्यावर, दार लावून आम्ही ऐकत बसलो. जात्याची घरघर, मग एका बाईचा आवाज, मग दुसरीचा तिला जोड. आवाज म्हातारा नव्हता. आम्ही आता जेवढ्या आहोत तेवढीच ती बाई तेव्हा असेल.

वर्गासाठी दहा ओव्या उतरवून घ्यायच्या असे ठरले होते. जसे म्हटले तसे, एकही अक्षर न बदलता. एक लिहीत होती, दुसरी थांबवून पुन्हा ऐकवत होती. पाचव्या ओवीला लिहिणारी थांबली आणि तिने वही दुसरीपुढे सरकवली. ती बाई स्पष्ट 'पानी' म्हणत होती, आम्ही दोघींनी ते दोनदा ऐकले होते. वहीत 'पाणी' लिहिलेले होते.